गिअरबॉक्सचं बूच आणि सदू तांडेलाचा जोर

तमाम रत्नागिरीकर, बाहेरगावचे पाहुणे, वाहनमालक, वाहनचालक आणि दुसऱ्याच्या गाडीतून फुकट फिरणारे सर्व सभ्य स्त्री-पुरुष यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या गाडीच्या पोटाखाली एक बूच आहे. हे बूच आपल्यापैकी बहुतेकांनी आजवर पाहिलेले नाही. ते पाहण्याचा प्रयत्नही कृपया करू नये. हातात पाना घेऊन तर मुळीच करू नये.

जाहीर निवेदन संपलं. आता ऐसपैस बसा.

मी दिगू मेस्त्री. कुवारबावच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत माझं गॅरेज आहे. पन्नाशी उलटली. निम्मं आयुष्य गाड्यांखाली पाठीवर पडून गेलं, त्यामुळे गावातल्या पुष्कळ लोकांचे चेहरे मला आठवत नाहीत, पण त्यांच्या गाड्यांची पोटं बरोबर आठवतात. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मेस्त्री, धंद्यातल्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, गमती नाहीत, राग आहे. भरपूर आहे, ताजा आहे, आणि तो बाहेर काढताना मला अतिशय मजा येते. चालेल का? ते म्हणाले, चालेल. तेव्हा पुढच्या मजकुराला जबाबदार ते.

तर बूच. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिअरबॉक्स म्हणजे अॅल्युमिनियमचा एक बंद डबा. आत दातेरी चक्रं तेलात बुडालेली असतात. तुम्ही दांडा पुढेमागे करता तेव्हा आत एक चक्र दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. त्या गळाभेटीत तेल नसेल तर प्रेम संपलं, नुसती झटापट उरते. डब्याच्या तळाला एक बूच असतं, जुनं तेल सोडायला. कुशीत दुसरं असतं, नवं भरायला. कुशीतल्या भोकातून तेल ओघळायला लागलं की समजायचं, पोट भरलं. बस्स. एवढंच शास्त्र आहे. आणि एवढ्या शास्त्रात माणसं जे घोळ घालतात ते पाहून माझं डोकं फिरतं.

पहिला नियम असा, की खालचं बूच काढण्याआधी कुशीतलं निघतंय का ते बघायचं. जाकादेवीच्या पुढच्या एका वाडीत एक चाकरमानी गणपतीला आला होता. मोबाइलवर कुठलीशी फीत पाहिली आणि अंगात आलं. अंगणात गाडी चढवली, खालचं बूच काढलं, सगळं तेल सोडून दिलं. मग कुशीतल्या बुचाला पाना लावला. ते गंजून बसलेलं. हलेना. आता गाडी रिकाम्या पोटी दारात उभी. चालवता येत नाही, भरता येत नाही, आणि सुट्टी संपत आलेली. मला बोलावणं आलं. मी गेलो, तापवून तापवून ते बूच काढलं आणि काढताना त्याला मनसोक्त बोललो. पण माझ्या बोलण्याचं काहीच नाही. पडवीत सुपारी कातरत बसलेली त्याची आई म्हणाली, "मेल्या, हंडा उपडा करायच्या आधी विहिरीवर दोर हाय का बघावा, एवढा पण तुला मुंबयत कोणी शिकवला नाय?" मी पाना खाली ठेवून त्या माउलीला नमस्कार केला. असं एक वाक्य सुचायला मला इतकी वर्षं लागली असती.

दुसरा नियम जोराचा. इथे माझा खरा राग सुरू होतो, तेव्हा लहान मुलांना बाजूला घ्या.

बुचं दोन जातींची. एकाखाली तांब्याची नाहीतर अॅल्युमिनियमची चकती असते. ती दाबली जाते आणि तेल अडवते. दर वेळी नवी घालायची, जुनी परत वापरायची नाही. दुसऱ्या जातीला चकतीच नाही. हे बूच स्वतःच टोकाकडे निमुळतं असतं, पाचरीसारखं. त्याच्या आट्यांना फट बुजवणारा पातळ मसाला लावायचा. त्याआधी आटे आतून-बाहेरून फडक्याने असे पुसायचे की तेलाचा वास राहता कामा नये. टोकाचा पहिला आटा कोरडा ठेवायचा, नाहीतर मसाला आत जाऊन तेलात भटकतो. बूच हाताने फिरवून बसवायचं, मग ताण मोजणारा पाना लावायचा. ठरलेला ताण आला की तो पाना 'कट्' करतो. 'कट्' म्हणजे थांब. मसाल्याला सुकायला वेळ द्यायचा आणि मग तेल भरायचं.

पण आपल्या माणसाला 'कट्' ऐकून थांबणं म्हणजे नामर्दपणा वाटतो. "आणखी जरा मारतो, सुटायला नको." अरे, सुटायला ते काय बैल आहे? निमुळतं बूच म्हणजे पाचर. पाचर ठोकत राहिलं की फणसाचा ओंडका फुटतो, तिथे बिचाऱ्या अॅल्युमिनियमच्या डब्याचं काय? घट्ट आणि मजबूत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी रोज ओरडून सांगतो, आणि रोज कोणीतरी पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप लावून वर उभा राहतो.

आता मंगलताईंची गोष्ट सांगतो. ती आठवली की मला आजही गॅरेजमधलं काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

मंगलताई मिरकरवाड्याच्या. वर्षानुवर्षं बाजारात टोपली घेऊन मासे विकले. गुडघे गेले, तेव्हा बाईने काय करावं? चाळिशी उलटल्यावर मोटार शिकली. शिकवणारा पोरगा हसला, बाजारातल्या बायका हसल्या, नवरा तर खोखो हसला. ही शिकली. भिशीतून एक जुनी छोटी मोटार घेतली. माझ्याकडे आणून मागची सीट काढायला लावली आणि तिथे बर्फाचे खोके बसवले. ती सीट माझ्या गॅरेजात अजून आहे, गिऱ्हाइकं तिच्यावरच बसतात. रोज सकाळी जेट्टीवर लिलावात मासे घ्यायचे आणि हातखंबा, पाली, लांजा अशी फेरी मारायची. गावागावातल्या बायका हॉर्न ओळखून ताटल्या घेऊन दारात यायच्या. बाजारात मान खाली घालून बसणारी बाई गाडीत मान वर करून बसायला लागली. मी पाहिलंय ते.

नवरा सदू तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. बोटीचं इंजीनही स्वतःच दुरुस्त करणारा. दंड असे की नारळाच्या झाडाला मिठी मारली तर झाडाने माफी मागावी. त्याला बायकोची गाडी डोळ्यांत खुपायची. चारचौघांत तिला 'शेवाळलेला पडाव', म्हणजे किनाऱ्यावर टाकून दिलेली जुनी होडी, म्हणायचा. "बघ मेस्त्री, एक दिवस ही गिअरचा भुगा करनार. बाईमाणसाचा हात तो."

आणि एक दिवस ताईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मेस्त्री, गेली माझी गाडी. पालीच्या चढावर रडाया लागली. गिअर पडंना. मी लगेच बाजूला घेतली."

"लगेच म्हणजे?"

"आवाज बदलला तशी. आणखी एक वळण पण नाय घेतला. माझ्याच हातून काय तरी चुकला वाटता."

काही दिवस गाडी पालीला एका गिऱ्हाइकाच्या अंगणात उभी राहिली. मग टेम्पोला बांधून ती माझ्याकडे आली. सोबत ताई, सदू आणि तिसरा माणूस लांज्याचा. हा गाडी विकत घ्यायला आलेला! ताईंनी ठरवून टाकलं होतं. गिअरबॉक्स गेला, आपल्या हाताने गेला, आता गाडी आहे तशी विकायची आणि परत बाजारात बसायचं. पण बाई इतकी सरळ, की विकण्याआधी म्हणाली, "मेस्त्री, खोलून बघा आणि यांच्यासमोर काय तुटलाय ता सांगा. कोनाला फसवायचा नाय मला."

लांज्याचा माणूस सीटवर बसला. ताईंच्याच गाडीच्या सीटवर. सदू खांबाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी बोल्लोच हुतो."

जी बाई लिलावात अख्ख्या जेट्टीचा आवाज बंद करते, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. माझं डोकं तिथूनच तापायला लागलं.

मी गाडीखाली शिरलो. खालून माणसांचे फक्त पाय दिसतात. लोकांना वाटतं चेहरा खोटं बोलतो. चेहरा शिकलेला असतो. पाय अडाणी राहतात. मला तीन जोड्या दिसत होत्या. लांज्याचे बूट हलत होते, त्याला घाई. ताईंच्या रबरी चपला एकमेकींना चिकटलेल्या. आणि सदूचे ते रुंद, बोटं पसरलेले, अनवाणी पाय. बोटीवर चालणाऱ्या माणसाचे पाय.

बॅटरी मारली आणि मी हबकलो. खालच्या बुचाच्या भोवती डबा तडकलेला. केसासारखी बारीक चीर बुचापासून वर गेलेली, तिच्यातून तेल पाझरून पाझरून संपलेलं. बुचाच्या कडेने पांढरा लगदा बाहेर आलेला आणि त्या लगद्यातून निळ्या दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं.

गिअरबॉक्सला दोरा!

"डबा फुटलाय," मी खालून ओरडलो. "बुचापाशी."

"दगड लागला असंल," सदूचा आवाज. फार लवकर आला तो आवाज. "ही कुठे बघून चालवते?"

"दगड लागला असता तर खरचटलं असतं. इथे ओरखडा नाही. कोणीतरी बूच आवळून आवळून फोडलंय."

त्याच क्षणी सदूच्या पायाची बोटं आकसली. दहाच्या दहा. कालवं समुद्रातल्या खडपाला धरतात तशी त्यांनी जमीन धरली. मी पाठीवर पडल्या पडल्या ती बोटं बघत राहिलो आणि मला सगळं कळलं.

बोटीवर पाइपाच्या जोडाला काय करतात? आट्यांना सूत गुंडाळायचं, वर सफेद्याचा पांढरा लगदा थापायचा, आणि मग अंगात असेल तेवढा जोर लावायचा. आणि ते बरोबरच आहे! तिथे लोखंड आणि पितळ असतं, आणि जोड सुटला तर बोट बुडते. समुद्रात कोणी 'कट्' ऐकून थांबत नाही. पण इथे नाजूक डबा, पाचरीचं बूच, त्याच्या आट्यांत आणखी दोऱ्याची भर आणि वर पाइप लावून तांडेलाचा दंड! फुटेल नाही तर काय नाचेल?

मी बूच काढलं आणि बाहेर आलो. मुद्दाम सावकाश आलो. असा सुंदर राग वर्षातून एखाद्या वेळेसच येतो, तो घाईत वाया घालवायचा नसतो. कापडाने हात पुसले. मग ताईंसमोर बूच धरलं.

"ताई, हे टोक बघा. हा लोहचुंबक आहे. आतली चक्रं झिजली की लोखंडाचा चुरा याला येऊन चिकटतो. ज्याचा हात वाईट, जो गिअर ओरबाडून टाकतो, त्याच्या बुचावर दातांचे तुकडे सापडतात. तुमच्या बुचावर काय आहे?"

त्यांनी बोट लावून पाहिलं. "काजळ."

"काजळच. एवढं सगळ्यांच्या गाडीला असतं. तेल संपलं तरी चक्रं शाबूत आहेत, कारण आवाज बदलल्याबरोबर तुम्ही थांबलात. तुमच्या हाताने काहीही गेलेलं नाही. तुमचा हात या गॅरेजात येणाऱ्या निम्म्या बाप्यांपेक्षा चांगला आहे."

लांज्याच्या माणसाचे बूट हलायचे थांबले. ताईंनी बोटावरचं काजळ पाहिलं, मग बूच पाहिलं, आणि मग तो निळा दोरा चिमटीत धरून ओढला.

"ह्यो जाळ्याचा दोरा," त्या म्हणाल्या.

सदू म्हणाला, "दोरा काय, अख्ख्या मिरकरवाड्यात हाच दोरा हाय."

"अख्ख्या मिरकरवाड्याने माझी गाडी खोलली?"

सदू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला.

मी म्हटलं, "ताई, बूच काढलं की तेल खाली येतं. घरी कोणी काढलं असेल, तर त्याला ते कशाततरी धरावं लागलं असणार."

ताईंचा चेहरा हळूहळू बदलला. भरती चढते तसा.

"मी गुहागरला आईकडे गेली हुती," त्या म्हणाल्या. "आली तर माझा कालवणाचा पातेला गायब. तुमी बोल्लात, मांजराने नेला!"

"मोठं मांजर होतं," मी म्हटलं. राहवलं नाही.

"तू गप रे मेस्त्री!" सदू माझ्यावर गुरगुरला.

आणि मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, सदू, बूच फोडलंस त्याचं मला काही नाही. फोडणारे रोज येतात, त्यांच्यावरच माझं पोट चालतं. तू पाना लावण्याआधीची गळती तुझ्यामुळे झालीच नव्हती, तेही मला माहीत आहे. मी पुतणीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा ताईंनी महामार्गावरच्या एका झटपट दुकानात तेल बदलून घेतलं. त्या घाईच्या पोटच्यांनी बूच कोरडंच बसवलं, मसाल्याचा एक थेंब लावला नाही, आट्यांत त्याची खूणसुद्धा नाही. त्यांचं तर मी नंतर बघणार आहे. पण ही बाई तुझ्यासमोर म्हणते, माझा हात वाईट, मी गाडी विकते, मी परत बाजारात बसते. आणि तुला माहीत असतं की डबा तुझ्या हाताने फुटला, तरी तू खांबाला टेकून म्हणतोस, 'मी बोल्लोच हुतो'? वादळात बोट आणणारा तू, आणि तुझ्या तोंडातून एक वाक्य बाहेर येईना? तुझ्या दंडात एवढा जोर आहे, सदू, थोडा जिभेत ठेवला असतास तर काय बिघडलं असतं?

रस्त्यावरून जाणारा एक ओळखीचा रिक्षावाला थांबून बघायला लागला. मी त्यालाही हाकललं नाही. प्रेक्षक असले की माझा राग जरा उठून दिसतो.

सदूचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हा मला उचलून टायरांच्या ढिगावर टाकणार. तो एक पाऊल पुढे आला. पण आला बायकोकडे. आणि असा गरजला की छपराच्या पत्र्यावरचा कावळा उडाला.

"थेंब पडत हुता गो! रोज सकाळी अंगणात थेंब! मला बघवंना! घाटात कुठे अडकलीस तर? म्हनून आवळला! जीव लावून आवळला!"

हा माणूस गाडीला पडाव म्हणायचा, आणि रोज पहाटे उठून तिच्याखालचे थेंब बघायचा. मला त्याची दया येणार होती, थोडक्यात वाचलो. कारण तेवढ्यात मी ताईंकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया वगैरे काही नव्हतं.

"आणि इतके दिवस मी सोताला शिव्या घालतेय," त्या म्हणाल्या. आवाज आता जेट्टीवरचा होता. "रडतेय. रात्रीची झोप नाय. आनि तुमी माझ्या बाजूला बसून, माझ्या हातची भाकरी मोडत, माझ्याच डोळ्यांत बघत हुतात!"

सदूने मान खाली घातली. त्या मानेला ती सवय नव्हती, ते दिसत होतं.

मी मध्ये पडून धंद्याचं बोललो, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, डबा बदलावा लागणार नाही. मिरजोळे एमआयडीसीत एक माणूस आहे, तो आर्गनचं वेल्डिंग करून चीर भरतो. आटे नव्याने पाडायचे, एक बेअरिंग बदलायचं, नवं बूच, नवा मसाला, नवं तेल. गाडी पहिल्यासारखी पालीला जाईल. आणि या बुचाला यापुढे मी सोडून जो हात लावेल त्याचा हात मी त्याच पान्याने आवळीन. 'कट्' होईपर्यंत नाही, त्याच्याही पुढे.

ताईंनी ते ऐकलं. एकदा गाडीकडे पाहिलं. चाकावर वाळलेला चिखल होता, तो त्यांनी पदराने पुसला. कशाला पुसला कोण जाणे, टेम्पोमागून ओढत आणलेली गाडी ती.

लांज्याचा माणूस सीटवरून उठला. बिचारा, सगळा वेळ दोन्ही बाजूंना मान वळवून वळवून थकला होता. खिशातला रुमाल काढून त्याने मान पुसली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "वहिनी, म्हणजे आता आमचं कसं? मी एवढ्या लांबून आलोय. रिकाम्या हाताने जाऊ काय?"

मंगलताई गर्रकन वळल्या, सदूच्या दंडाला धरून त्याला एका हिसक्यात त्या माणसापुढे उभा केला आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गाडी नाय विकायची! रिकाम्या हाताने जायचा नसंल तर ह्यास्नी घेऊन जा!"